चढाई मोजायची कशी: गावच्या कबड्डी संघासाठी खेळाडूनिहाय नोंदवही

दिवाळी आटोपली आणि कापसाची पहिली वेचणी घरात आली की विदर्भातल्या गावागावांत कबड्डीचे सामने सुरू होतात. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पटांगणावर काळ्या मातीवर मुरूम टाकून, फक्कीने रेषा आखून आणि चार बल्ल्यांवर हॅलोजन लावून हे सामने रात्री उशिरापर्यंत चालतात. कुठे ते वजनगटाचे असतात, कुठे खुले. शेवटच्या रात्री ‘उत्कृष्ट चढाईपटू’ आणि ‘उत्कृष्ट पकड’ अशा दोन ढाली दिल्या जातात आणि त्या बहुतेक वेळा ज्याच्या नावाने सर्वांत जास्त शिट्ट्या वाजल्या त्याच्या, किंवा फार तर ज्याच्या नावापुढे सर्वांत जास्त गुण आहेत त्याच्या घरी जातात. ढालीपुरते ते चालून जाते. परंतु संघ निवडताना, सराव आखताना किंवा एखाद्या मुलाला पुढच्या पातळीवर पाठवताना तोच निकष लावला तर चूक होते. ही चूक मी स्वतः केली आहे. सर्वाधिक गुणांच्या मुलाला मी बिनदिक्कत पहिला चढाईपटू केले आणि हंगाम संपल्यावर मोबाइलवरचे सामने पुन्हा पाहिले तेव्हा लक्षात आले की त्याच्या प्रत्येक दोन गुणांमागे आम्ही जवळजवळ तेवढेच गुण प्रतिस्पर्ध्याला देत होतो. गुणपत्रकात गुण होते; ते किती प्रयत्नांत आणि कोणत्या किमतीला मिळाले, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

खेळाडूची कामगिरी मोजण्याचे सारे शास्त्र या एका प्रश्नाभोवती फिरते: भागाकारात खाली कोणता आकडा लिहायचा? क्रिकेटमुळे हा विचार आपल्या परिचयाचा आहे. डॉन ब्रॅडमन यांनी कसोटीत ६,९९६ धावा केल्या आणि त्यांची सरासरी ९९.९४ आहे, हे पारावर बसणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. पण ती सरासरी डावांनी भागून आलेली नाही, बाद होण्याच्या संख्येने भागून आलेली आहे. ते ८० डाव खेळले आणि त्यांपैकी १० वेळा नाबाद राहिले, म्हणून भाजक ७० आहे. डावांनी भागले तर तोच फलंदाज ८७.४५ वर येतो. दोन्ही आकडे खरे आहेत, मात्र ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. कबड्डीत आपण अजून भाजक लिहायलाच सुरुवात केलेली नाही, आणि अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी ज्या खेळाचे प्रात्यक्षिक जगाला दाखवले, त्या खेळाबाबत विदर्भाने तरी हा आळस करू नये, असे मला वाटते.

वही उघडण्यापूर्वी

सर्वप्रथम मैदान मोजावे. पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते, म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर येतात. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, म्हणजे चढाईपटूने ओलांडलीच पाहिजे अशी रेषा, आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा असते, जी ओलांडल्याबद्दल बोनसचा गुण मिळतो. पावलांनी मोजून आखलेल्या मैदानात बोनस रेषा एखादा हात अलीकडे आली तर त्या स्पर्धेतले बोनसचे सारे आकडे फुगलेले असतील आणि दुसऱ्या गावच्या आकड्यांशी त्यांची तुलना करणे निरर्थक ठरेल. मोजपट्टी नसेल तर सुतळीला गाठी मारून घ्याव्यात, पण पावलांवर विसंबू नये.

त्यानंतर त्या स्पर्धेचे नियम आयोजकांकडून विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत. प्रौढ पुरुषांचा नियमित सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा असतो, पण गावच्या स्पर्धेत संघ जास्त आणि रात्र थोडी, म्हणून वेळ कमी ठेवतात. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद, हा ‘डू ऑर डाय’ नियम काही ठिकाणी लावतात, काही ठिकाणी लावत नाहीत. तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी चढाईपटूला पकडल्यास एक जादा गुण मिळतो, म्हणजे अव्वल पकड. तीसुद्धा सर्वत्र मानली जाते असे नाही. नियम बदलला की खेळाडूचे वागणे बदलते आणि वागणे बदलले की आकडा बदलतो.

लिहिणारे दोघे असावेत. एकाने खेळाकडे पाहत मोठ्याने सांगावे आणि दुसऱ्याने मान वर न करता लिहावे. एकटा माणूस पाहू आणि लिहू लागला की नेमकी गडबडीची चढाई त्याच्या नजरेतून सुटते, आणि गडबडीच्या चढाईतच सर्वांत जास्त माहिती असते. राखीव खेळाडूंना हे काम द्यावे. ज्या मुलाला पूर्ण हंगाम मैदानात उतरता आले नाही, तो लिहिता लिहिता खेळ वाचायला शिकतो, असा माझा अनुभव आहे. शक्य असेल तेथे मध्यरेषेच्या सरळ रेषेत, थोड्या उंचीवर मोबाइल बांधून चित्रण करून ठेवावे, म्हणजे शंका आली तर दुसऱ्या दिवशी तपासता येते.

एक चढाई, एक ओळ

नोंदीचे एकक सामना नव्हे, चढाई आहे. चढाईला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात, त्यामुळे ४० मिनिटांच्या सामन्यात ढोबळ मानाने दोन्ही संघांच्या मिळून ८० च्या आसपास चढाया होतात. म्हणजे शंभरपानी वहीची दोन-तीन पाने पुरतात. प्रत्येक ओळीत चढाईचा अनुक्रमांक, चढाईपटूचा बनियनवरचा क्रमांक, समोर उभ्या असलेल्या बचावपटूंची संख्या, चढाईचा निकाल, मिळालेले किंवा दिलेले गुण आणि पकड झाली असल्यास पहिला हात कोणाचा, एवढ्या गोष्टी याव्यात. निकालासाठी लहान खुणा ठरवाव्यात: ‘स्प’ म्हणजे स्पर्शाचा गुण, ‘बो’ म्हणजे बोनस, ‘रि’ म्हणजे रिकामी चढाई, ‘प’ म्हणजे पकडला गेला आणि ‘चू’ म्हणजे कोणी न पकडता स्वतःच्या चुकीने बाद झाला, यात दम तुटणे, मैदानाबाहेर पाय पडणे आणि निदान रेषा न ओलांडता परतणे हे सारे येते. ‘प’ आणि ‘चू’ एकत्र करू नयेत. दोन्हींत खेळाडू बादच होतो, पण पहिल्यावर उपाय तंत्राचा आहे आणि दुसऱ्यावर सवयीचा.

स्पर्श आणि बोनस वेगळे लिहिण्यामागेही कारण आहे. स्पर्शाच्या गुणाने प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू बाहेर जातो आणि आपला एक बाद झालेला खेळाडू आत येतो. बोनसने गुण मिळतो, पण कोणीही जिवंत होत नाही. गुणफलकावर दोन्ही एकच दिसतात. आपले चार खेळाडू बाहेर बसलेले असताना घेतलेला बोनस आणि त्याच वेळी केलेला स्पर्श यांची किंमत सारखी मानणारा प्रशिक्षक सामना संपेपर्यंत कोड्यात राहतो. लोणाचे, म्हणजे समोरचा पूर्ण संघ बाद केल्याचे, दोन गुण मात्र कोणत्याही एका खेळाडूच्या नावावर टाकू नयेत. शेवटचा गडी बाद करणाऱ्याला ते देण्याचा मोह होतो, पण आधीचे सहा गडी कोणी बाद केले याचा तेव्हा विसर पडतो.

चढाईपटूचा हिशेब

चढाईपटूसाठी पहिला आकडा यशाचे प्रमाण: ज्या चढायांत किमान एक गुण मिळाला त्या, भागिले एकूण चढाया. हा आकडा सोपा आहे आणि फसवाही आहे, कारण तो रिकाम्या चढाईला अपयश मानतो. शेवटची तीन मिनिटे उरली असताना आणि आपण चार गुणांनी पुढे असताना जो खेळाडू तीस सेकंद खेळवून सुखरूप परत येतो, त्याने संघाचे कामच केलेले असते. म्हणून यशाच्या शेजारी दुसरा आकडा लिहावा: एकूण चढायांपैकी किती वेळा तो बाद न होता परतला.

तिसरा आकडा मला सर्वांत उपयोगी वाटतो. त्याला आपण निव्वळ गुण म्हणू. खेळाडूने मिळवलेल्या गुणांतून तो बाद झाल्यामुळे प्रतिस्पर्ध्याला मिळालेले गुण वजा करावेत आणि उरलेल्या संख्येला त्याच्या चढायांनी भागावे. समजा, तीन सामन्यांत एका मुलाने ४० चढाया केल्या, २० गुण मिळवले आणि तो १४ वेळा बाद झाला. त्यांतल्या दोन अव्वल पकडी असल्याने त्याने १६ गुण दिले. त्याचे निव्वळ गुण चार, म्हणजे दर चढाईला ०.१०. दुसऱ्या मुलाने २५ चढाया केल्या, १३ गुण मिळवले आणि पाच वेळा बाद होऊन पाच गुण दिले. त्याचे निव्वळ गुण आठ, म्हणजे दर चढाईला ०.३२. ढाल पहिल्याला मिळेल, कारण २० हे १३ पेक्षा मोठे आहेत. गुण भागिले चढाया एवढेच काढले तरी ०.५० आणि ०.५२ असे जवळजवळ सारखे दिसेल. दिलेले गुण वजा केल्यावरच दोघांमधले अंतर समोर येते. शिवाय पहिला मुलगा चौदा वेळा बाहेर जाऊन बसला, तेवढा वेळ संघ त्याच्याविना खेळला, हे या आकड्यात अजून धरलेलेच नाही.

यावर कोणी म्हणेल की दुसऱ्याला सोप्या वेळी पाठवले असेल, आणि ही शंका अगदी योग्य आहे. म्हणूनच ओळीत समोरच्या बचावपटूंची संख्या लिहायची असते. समोर सहा किंवा सात जण असताना बोनस उपलब्ध असतो. चार-पाच असताना बोनस नसतो, पण साखळी करण्याइतके, म्हणजे हातात हात धरून घेरण्याइतके, हात असतात. तीन किंवा कमी असताना मैदान मोकळे असते, पण अव्वल पकडीचा धोका असतो. प्रत्येक खेळाडूच्या चढाया या तीन गटांत वाटून तिन्हींचे निव्वळ गुण वेगळे काढले की कोणाला केव्हा पाठवावे याचे उत्तर बहुधा वहीच देते. सात जणांसमोर बोनस काढण्यात तरबेज असलेला एखादा मुलगा दोघांसमोर मात्र घाई करतो आणि अडकतो. असे खेळाडू मी अनेक पाहिले आहेत, आणि ते स्वतःला कायम ‘फिनिशर’ समजतात.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून एका सामन्यात चढाईचे दहा गुण म्हणजे ‘सुपर टेन’ आणि पकडीचे पाच गुण म्हणजे ‘हाय फाइव्ह’ हे शब्द आपल्याकडच्या मुलांच्या तोंडी बसले आहेत. परदीप नरवालने २०१७ च्या हंगामात चढाईचे ३६९ गुण मिळवले, हा आकडाही त्यांना पाठ असतो. असे एकूण आकडे स्फूर्ती देतात, पण निवडीसाठी पुरत नाहीत, कारण ज्याला जास्त वेळा पाठवले जाते त्याचे गुण वाढणारच.

पकड मोजणे अवघड का आहे

चढाईत एक माणूस असतो आणि पकडीत कधी कधी पाच. कोपरारक्षकाने घोटा धरला, मध्यरक्षकाने धडक दिली आणि बाकीच्यांनी मध्यरेषेकडे जाणारी वाट अडवली, तर गुण कोणाचा? अधिकृत गुणपत्रकात सहसा एकाच बचावपटूच्या नावावर तो जातो. आपल्या वहीत मात्र ‘पहिला हात’ आणि ‘साथ’ असे दोन रकाने ठेवावेत. पहिला हात घालणाऱ्याने धोका पत्करलेला असतो, कारण पकड सुटली तर तोच बाद होतो. साथ देणाऱ्याने पकड पुरी केलेली असते. या दोन्ही गोष्टी वेगळ्या कौशल्याच्या आहेत आणि एकाच खेळाडूत त्या क्वचितच सारख्या प्रमाणात आढळतात.

येथेही भाजक महत्त्वाचा. यशस्वी पकडी भागिले पकडीचे एकूण प्रयत्न, असे प्रमाण काढावे, आणि प्रयत्न म्हणजे काय हे आधी ठरवून घ्यावे. चढाईपटूला धरण्यासाठी शरीर पुढे टाकले तर तो प्रयत्न. केवळ हात हलवून हूल दिली तर तो प्रयत्न नव्हे. ही व्याख्या दोन्ही नोंद करणाऱ्यांना सारखी समजली आहे की नाही हे पाहण्यासाठी एकाच सामन्याचे चित्रण दोघांना वेगवेगळे दाखवून दोन वह्या ताडून पाहाव्यात. दहांपैकी एकापेक्षा जास्त ओळींत मतभेद निघाला तर दोष नोंद करणाऱ्यांचा नसून व्याख्येचा आहे असे समजावे आणि ती पुन्हा लिहावी.

काही गोष्टी वहीत मावत नाहीत हेही मान्य केले पाहिजे. चांगला कोपरारक्षक केवळ उभा राहण्याच्या पद्धतीने चढाईपटूला त्या बाजूला फिरकू देत नाही. त्याच्या नावापुढे ना प्रयत्न असतो, ना गुण. अशा खेळाडूसाठी तो मैदानात असताना प्रतिस्पर्ध्याच्या किती चढाया रिकाम्या गेल्या आणि तो बाहेर असताना किती गेल्या, एवढी तुलना करता येते. पण ती संपूर्ण हंगामाच्या नोंदींवरच करावी. दोन-तीन सामन्यांवरून काढलेला असा निष्कर्ष मातीवर लिहिलेल्या अक्षरासारखा असतो.

थोड्या चढाया, मोठे दावे

गावच्या स्पर्धेत एखादा संघ दोन सामन्यांत बाहेर पडतो, त्यामुळे आपल्याकडचे आकडे नेहमीच थोड्या नोंदींवर उभे असतात. एका मुलाने पाच चढायांपैकी चार यशस्वी केल्या तर त्याचे प्रमाण ८० टक्के होते. दुसऱ्याने ५० पैकी ३० यशस्वी केल्या तर ६० टक्के. पहिला श्रेष्ठ आहे असे म्हणण्याची घाई करू नये. यासाठी एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक खेळाडूच्या खात्यात संघाच्या सरासरीइतक्या यशाच्या दहा कल्पित चढाया मिळवाव्यात. संघाची सरासरी ४० टक्के असेल तर दहांपैकी चार यशस्वी धराव्यात. मग पहिल्याचे प्रमाण १५ पैकी ८, म्हणजे सुमारे ५३ टक्के होते आणि दुसऱ्याचे ६० पैकी ३४, म्हणजे सुमारे ५७ टक्के. ज्याची नोंद थोडी त्याचा आकडा सरासरीकडे जास्त ओढला जातो, ज्याची नोंद भरपूर त्याचा फारसा हलत नाही. पहिला मुलगा खरोखरच चांगला असेल तर पुढच्या सामन्यांत त्याचा आकडा आपोआप वर चढेल. आज त्याला नाकारलेले नाही, फक्त त्याच्याबद्दलचा निर्णय थोडा पुढे ढकललेला आहे.

सरासरीबरोबर मध्यकही काढावा. एका खेळाडूचे पाच सामन्यांतले गुण १, २, ०, १४, १ असतील आणि दुसऱ्याचे ३, ४, ३, ५, ३ असतील, तर दोघांची बेरीज १८ आणि सरासरी ३.६ येते. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला पाहिला तर पहिल्याचा मध्यक १ आणि दुसऱ्याचा ३ निघतो. पहिल्याच्या १४ गुणांची कहाणी गावात वर्षभर सांगितली जाईल. तो सामना कोणत्या संघाविरुद्ध होता, हे मात्र वहीतच पाहावे लागेल.

त्यासाठी प्रत्येक सामन्याच्या डोक्यावर प्रतिस्पर्ध्याची प्रत लिहावी: पहिल्या फेरीत बाद झालेला संघ, मधल्या फेऱ्यांपर्यंत गेलेला, आणि उपांत्य किंवा अंतिम फेरी गाठलेला, अशा तीन प्रती पुरेशा आहेत. वजनगटाच्या स्पर्धेतले आणि खुल्या स्पर्धेतले आकडे एका पानावर आणू नयेत. मातीवरच्या आणि मॅटवरच्या नोंदीही वेगळ्या ठेवाव्यात. अनवाणी पायाने मुरमावर वळणारा मुलगा बूट घालून मॅटवर उतरला की पहिले काही सामने चाचपडतो, आणि ते चाचपडणे त्याच्या वर्षभराच्या आकड्यात मिसळले तर त्याच्यावर अन्याय होतो. मुलींच्या संघाची वही मुलांच्या वहीइतकीच नेमाने भरावी, हे खरे तर सांगावे लागू नये, पण लागते.

शारीरिक चाचण्यांबद्दल थोडेसेच. आपल्याकडे कबड्डी खेळणारी अनेक मुले पोलीस भरतीचीही तयारी करतात, म्हणून १०० आणि १,६०० मीटर धावण्याची वेळ बहुतेकांकडे लिहिलेली असते. हाताने घेतलेली १०० मीटरची वेळ विद्युत यंत्रणेने घेतलेल्या वेळेपेक्षा कमी भरते. दोन्हींची तुलना करताना तिच्यात ०.२४ सेकंद मिळवण्याची पद्धत आहे. त्यामुळे दोन दिवसांतल्या दशांश सेकंदांच्या फरकाला प्रगती म्हणू नये. वेळ घेणारा माणूस, अंतर आणि दिवसाचा प्रहर हे तिन्ही सारखे ठेवावेत, कारण डिसेंबरच्या सकाळी धावलेला मुलगा आणि मे महिन्यात ऊन चढल्यावर धावलेला तोच मुलगा यांची वेळ सारखी येणार नाही.

वही खेळाडूला दाखवताना

क्रमवारी लावून ती गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याचा मोह आवरावा. खालच्या क्रमांकावरचा मुलगा दुसऱ्या दिवशी सरावाला येत नाही आणि वरच्या क्रमांकावरचा पोहोचायचा तेव्हाच पोहोचतो. प्रत्येकाला त्याचे पान एकट्याला दाखवावे आणि मागच्या महिन्याच्या त्याच्याच पानाशी ताडून पाहावे. पालकांनी विचारले तर त्यांनाही त्यांच्या मुलाचेच पान दाखवावे.

आकड्यांपेक्षा मुलांना चित्र लवकर समजते. प्रत्येक चढाईपटूच्या पानाच्या मागच्या बाजूला प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या क्रीडांगणाची आकृती काढावी, तिच्यात निदान रेषा व बोनस रेषा आखावी आणि तो जेथे पकडला गेला तेथे ठिपका द्यावा. घोट्याची पकड असेल तर पोकळ ठिपका, मांडीची किंवा कमरेची असेल तर भरीव आणि साखळीत सापडला असेल तर फुली. सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला त्या आमच्या पहिल्या चढाईपटूचे पान मी असेच भरले, तेव्हा बहुतेक पोकळ ठिपके एकाच कोपऱ्याजवळ बोनस रेषेच्या आसपास गोळा झाले होते. बोनससाठी पाय लांबवताना तो दुसरा पाय उचलायला उशीर करत होता आणि कोपरारक्षक त्याच क्षणाची वाट पाहत होता. त्याला मी एक शब्दही न बोलता ते पान दिले. दुसऱ्या दिवशी सरावाच्या अर्धा तास आधी तो मैदानावर आला, फक्कीने एकच रेषा ओढली आणि एका लहान मुलाला कोपऱ्यात उभे करून पाय सोडवण्याचा सराव करू लागला.

त्याच्या पुढच्या सामन्याचे पान मी नव्या शाईने सुरू केले, म्हणजे जुने ठिपके कोणते आणि नवे कोणते हे दोघांनाही ओळखता यावे.